जोडीचा पगार

४ मार्च, सोमवार

शी शी शी! आज हॉटेलच्या चादरींचं गाठोडं सोडलं तर आत अर्धवट खाल्लेली कोंबडीची तंगडी. तीही कशी, उशीच्या अभ्र्यात नीट गुंडाळून ठेवलेली, तान्ह्या बाळासारखी. मी किंचाळले, आणि माझी जोडीदारीण, शिडी म्हणते मी तिला, हसून हसून जमिनीवर बसली. माणसं पैसे मोजून खोली घेतात म्हणजे लाज काय बाहेर पायपुसण्यावर काढून ठेवतात? हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात माझा जन्म गेला. रक्त पाहिलं, पू पाहिला, नको नको ते पाहिलं. पण ते आजारी माणसांचं होतं, त्यांची कीव यायची. ही धडधाकट माणसांची घाण! हिची नुसती ओकारी येते.

तरी खरं सांगू का, मला इथे फार आवडतं. हे घरी बोलायची सोय नाही. रिटायर झाल्यावर वर्षभर घरी बसून समोरच्या इमारतीची भिंत पाठ केली. सूनबाई म्हणायची, आई, आराम करा. तिच्या भाषेत आराम म्हणजे स्वयंपाकघरात येऊ नका. मग या लाँड्रीत लागले आणि मला पुन्हा भूक लागायला लागली, झोप लागायला लागली, आणि बोलायला माणूस मिळालं.

ते माणूस म्हणजे शिडी. मी ही एवढीशी, आणि ती इतकी उंच की घडीच्या खोलीत शिरताना रोज दाराच्या चौकटीला डोकं आपटते. रोज! चौकट काय रात्रीतून खाली येते का गं, असं मी तिला विचारते. मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही, दोघी लागतात. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. चादर ताणायची, झटकायची, मग चालत चालत एकमेकींजवळ यायचं आणि टोकाला टोक लावायचं. ती बिचारी माझ्यासाठी वाकते, नाहीतर चादर घसरगुंडीसारखी तिरकी होते.

पगारही जोडीचाच. दोघींचा मिळून एक, आणि तो जोडीतल्या थोरलीच्या नावाने बँकेत येतो. मग तिने धाकटीला निम्मा द्यायचा. लाँड्रीची ही जुनी रीत आहे. मुकादम म्हणतो, आजी, त्यात लिखापढी कमी. मी लागले तेव्हा शिडीची जुनी जोडीदारीण नुकतीच काम सोडून गेली होती. शिडी पहिल्याच दिवशी म्हणाली, "आजी, तुम्ही थोरल्या, तुमच्याच नावावर राहू दे. मला काही नको." मला तर भरून आलं. हल्ली कोण एवढा मान देतं?

८ मार्च, शुक्रवार

आज लवकर सुटून बँकेत गेले. पेन्शन निम्मंच आलंय! खिडकीतल्या पोराला म्हटलं, बाळा, उरलेलं कुठाय, मागच्या खोलीत ठेवलंयस का? तो म्हणाला, "आजी, वरूनच एवढं आलंय. पेन्शन ऑफिसात विचारा." वरून म्हणजे कुठून? पाऊस आहे का हा?

संध्याकाळी मुलाला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. बिचाऱ्याच्या तोंडचं पाणीच पळालं. "आई, असं कसं झालं? आता लगेच जा. सोमवारी जा. नाही, मंगळवारी, मंगळवारी गर्दी कमी असते." सूनबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, मग हप्ता?" कसला हप्ता ते मला सांगत नाहीत, मीही विचारत नाही. त्यांचं त्यांना. पेन्शनचं कार्ड त्याच्याकडेच असतं, मला ते यंत्र वापरता येत नाही म्हणून तोच काढून आणतो. पगाराचं खातं वेगळं, ते मीच सांभाळते. पेन्शनचा मात्र महिन्यातून एकदा खिडकीवर आकडा विचारून येते, तेवढीच मजा.

१२ मार्च, मंगळवार

पेन्शन ऑफिस! आमच्या लाँड्रीचं गटार त्यापेक्षा बरं. बाकावर चहा सांडून वाळलेला, वर माश्या. भिंतीला इतक्या लोकांनी डोकी टेकलीत की तेलाची एक लांब पट्टी उमटलीय. मी आपली पुढे सरकून बसले. शेजारचा म्हातारा म्हणाला, टेका हो, सगळेच टेकतात. मी म्हटलं, म्हणूनच.

खिडकीत एक चष्मेवाली. चष्मा दोरीने गळ्यात, आणि माझ्याशी बोलताना तो लावायचाही नाही. म्हणजे मी तिला धूसरच दिसत असणार. ती म्हणाली, "आजी, पेन्शन घेता घेता नोकरी करता येते, पण मर्यादेत. पगार त्याच्या वर गेला की पेन्शन निम्मं होतं. आणि पेन्शन अधिक पगार, दोन्ही एकत्र धरून वर कर."

मी म्हटलं, "माझा पगार कुठला वर जायला? तो नीट उभासुद्धा राहत नाही."

तिने आकडा सांगितला. देवा! वर्षाची मी एवढी कमावते म्हणे. मला क्षणभर इतका आनंद झाला की मागे वळून कुणी ऐकतंय का ते पाहिलं. मग डोक्यात प्रकाश पडला. अहो, तो जोडीचा पगार! निम्मा शिडीचा! कागदावर मी एकटीच दोघींचं कमावते.

"असं तोंडी चालत नाही," चष्मेवाली म्हणाली. "दुसरी बाई कोण ते सांगा. तिचं उत्पन्न तिच्या नावावर घालू, तुमचं पेन्शन पूर्ववत होईल. नाहीतर हे असंच राहणार, आणि मागचं जास्त गेलेलंही तुमच्याकडून वसूल होणार."

आणि कर! नोकरीत होते तेव्हा म्हातारपणासाठी म्हणून पगारातून कापत होते. आता म्हातारपणी तेच माझं मला देताहेत, आणि देता देता पुन्हा त्यावर कर लावताहेत. माझ्याच ताटातलं उचलून मला वाढायचं आणि वाढणावळ मागायची! किळस आली. घरी येऊन आधी साबणाने हात धुतले.

१३ मार्च, बुधवार

मुलाला माझ्या गुडघ्यांची फार काळजी. आज दोनदा म्हणाला, "आई, सोडून दे ती नोकरी, दिवसभर उभं राहायचं, गुडघे जातील." इतकी वर्षं त्याने माझ्या गुडघ्यांचं नाव काढलं नव्हतं, मनातल्या मनात करत असणार काळजी. मी म्हटलं, नोकरी काही मी सोडणार नाही. तर म्हणाला, "मग त्या बाईचं नाव सांगून मोकळी हो. पेन्शन पूर्ण होणं महत्त्वाचं." मी म्हटलं, सांगते की, त्यात काय. उद्या शिडीलाच घेऊन जाते ऑफिसात, दोघी मिळून जाऊ, येताना काहीतरी गोड खाऊ.

१४ मार्च, गुरुवार

आज काय झालं ते आधी नीट लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

घडीची खोली. शिडी नेहमीसारखी आपटून आत आली. पहिली चादर ताणली आणि मी म्हटलं, अगं, माझं पेन्शन तुझ्यामुळे निम्मं झालं, ऐक तर! मला वाटलं ती हसेल. तिने टोकं सोडलीच. चादर खाली. मग उचलली, झटकली, आणि पुन्हा ताणली. घडी घालताना कसं होतं, लांब असताना यंत्राच्या घरघरीत काही ऐकू येत नाही, जवळ आलं की दोन शब्द बोलता येतात. तर ती एकेका घडीला एकेक बोलली.

टोकाला टोक आलं. म्हणाली, "आजी, माझं नाव सांगू नका."

गेली मागे, आली पुढे. "नवऱ्याच्या मागे मला पेन्शन मिळतं. मी कमावत नाही असं लिहून दिलंय."

गेली, आली. "कमावते असं कळलं तर ते बंद. घेतलेलंही परत मागतील."

पुढच्या घडीला मीच विचारलं, "म्हणजे तो थोरलीचा मान वगैरे?"

ती मागे जायचं विसरली. चादर दोघींच्या मध्ये लोंबत राहिली. "तुम्ही थोरल्या आहातच की," म्हणाली.

मला इतकी शिसारी आली! तिची, माझी, त्या चादरीचीसुद्धा. मानाने मला भरून काय आलं होतं! मूर्ख म्हातारी. दिवसभर तिच्याशी बोलले नाही. म्हणजे जेवणाच्या सुट्टीपर्यंत. मग तिने आपला डबा उघडून माझ्यापुढे सरकवला आणि तिच्या मुलीचं सांगायला लागली. मुलगी नर्सिंग शिकतेय, तिची फी त्या पेन्शनमधून जाते, खाणंपिणं इथल्या निम्म्या पगारातून. मुलगी आईवर गेलीय, वर्गात तिला मागच्या बाकावर बसवतात कारण पुढे बसली की फळा दिसत नाही कुणाला. मला हसू फुटलं. राग धरायचा म्हणजे आधी गप्प राहावं लागतं, तिथेच माझं घोडं अडतं.

मुकादमाकडेही गेले. म्हटलं, मला अर्ध्या पगाराचं लिहून दे. तो म्हणाला, "आजी, जोडी म्हणजे माझ्याकडे एक माणूस. दोन दाखवली तर दोघींचा विमा, दोघींची रजा. मला परवडत नाही. तुम्ही तुमच्यात मिटवा." वा! म्हणजे लिखापढी कमी म्हणजे हे. दात कोरत बोलत होता मेला, आणि कोरून झाल्यावर काडी माझ्या धुतलेल्या टॉवेलांवर ठेवली.

१९ मार्च, मंगळवार

घरात कुणी सरळ बोलत नाही. मुलगा म्हणतो, "कोण ती बाई? आपली कोण लागते? तिच्यासाठी घर बुडवणार का?" घर कसं बुडेल म्हटलं, तर सूनबाई आत गेली आणि भांडी आपटली. मी म्हटलं, तिलाही मुलगी आहे रे. तो म्हणाला, "तुलाही मुलगा आहे." बरोबर आहे त्याचंही. रात्रभर कूस बदलत होते.

मी ठरवलंय. उद्या जाणार. चष्मेवालीला जोडीची रीत नीट समजावून सांगणार, म्हणजे तिला पटेल की पगार एकटीचा नाही. पण शिडीचं नाव घेणार नाही. जीभ चावीन पण घेणार नाही.

२० मार्च, बुधवार

जिंकले!

चष्मेवाली आज वेगळीच होती. मला आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. माझ्याशी बोलताना चष्मासुद्धा लावला. म्हणाली, "आजी, सावकाश सांगा, मला घाई नाही." त्या ऑफिसात पहिल्यांदा माणूस भेटलं. मी आधीच तिला बजावलं, मॅडम, नाव मात्र मी सांगणार नाही, मेले तरी. ती म्हणाली, "नका सांगू हो. जोडी म्हणजे काय तेवढं कळू दे."

मग काय, मी सांगितलं. उठून उभी राहिले, तिच्या टेबलावरचा कपडा घेतला आणि करूनच दाखवलं. म्हटलं, मी ही अशी बुटकी, आणि माझी जोडीदारीण ताडमाड, चौकटीला रोज डोकं आपटते, तिला वाकावं लागतं, मग सांगा हे काम एकटीचं आहे का? ती खूप हसली. मग अगदी आपुलकीने म्हणाली, कठीण असेल हो त्यांचंही. मी म्हटलं, कठीण म्हणजे? नवरा ट्रकवर होता, घाटात गेला, पोर नर्सिंगला, फी काय थोडी असते? ती म्हणाली, अरेरे. काहीतरी लिहीत होती, माझ्या अर्जाचंच असणार. जाताना मी पुन्हा म्हटलं, नावाचं मात्र विचारू नका हं. ती म्हणाली, "नाही विचारत आजी. पुरे एवढं."

पटलं तिला! नीट समजावून सांगितलं की माणसाला पटतं. आणि नाव घेतलं नाही ते नाहीच. इतका अभिमान वाटला की येताना रिक्षा केली.

उद्या शिडीला सांगते. आज तिची मुलगी आजारी म्हणून ती लवकर गेली.

२१ मार्च, गुरुवार

सांगितलं. शिडीने मला मिठी मारली, म्हणजे माझं तोंड तिच्या पोटात. गुदमरले पण बरं वाटलं. आजच्या चादरींत कुणाच्या तरी कापलेल्या नखांचा ढीग. शी. पण आज तेही हसून झटकलं.

३ एप्रिल, बुधवार

पेन्शन पूर्ण आलं! मुलगा बँकेतूनच फोन करून ओरडला. येताना माझ्यासाठी गुडघ्याला लावायचं मलम आणलं, छोटी ट्यूब. सूनबाईने स्वयंपाकघरात बसू दिलं. गुडघ्यांचं आता कुणी काही म्हणत नाही, नोकरी सोड असंही नाही. बरे झाले असावेत.

८ एप्रिल, सोमवार

शिडी आली नाही. फोन बंद. मुकादमाने मला टॉवेलवर बसवलं. टॉवेल एकटीला घडी घालता येतात. दिवसभर कुणाशी बोलायचं? जाताना मी चौकटीकडे उगीच पाहिलं.

मला न सांगता सुट्टी! मी हिच्यासाठी तोंड शिवून बसले आणि हिला एक फोन करता येत नाही. घाणेरडी सवय.

९ एप्रिल, मंगळवार

आज मुकादमाला धरलं. म्हटलं, कुठाय ती? तर माझ्यावरच खेकसला. "शनिवारी तुमची सुट्टी होती. ऑफिसची दोन माणसं आली होती. तिला घेऊन बसली दोन तास. तिचं पेन्शन बंद, वर वसुली. मला दंड. झालं समाधान?"

म्हटलं, मेल्या, तूच सांगितलंस! दात कोरण्याशिवाय तुला येतं काय? इतकं बोलले की यंत्रावरच्या बायका बाहेर आल्या. माझं संपेपर्यंत तो उभा राहिला. मग म्हणाला, "मी कशाला सांगू आजी? दंड मला झालाय. आणि त्यांच्याकडे नाव नव्हतंच. त्यांनी दारात उभं राहून विचारलं, चौकटीला डोकं आपटतं ती कोण. सगळ्या हसल्या आणि तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ट्रकवाल्याची बायको ना तुम्ही, मुलगी नर्सिंगला?"

पुढे तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. यंत्र चालू होतं.

१० एप्रिल, बुधवार

काही लिहायचं नाही.

१४ एप्रिल, रविवार

शिडीच्या घरी गेले. तिसरा मजला, जिन्यात कुबट वास, कठड्याला काहीतरी चिकट. तिने दार उघडलं. मी वाटेत सगळं पाठ करून गेले होते, काय म्हणायचं, कसं म्हणायचं, आणि तोंडातून एवढंच निघालं, "मी नाव नाही घेतलं गं."

ती म्हणाली, "माहितेय आजी. बसा."

तिने ओरडायला हवं होतं. मला हाताला धरून जिन्यावरून ढकलायला हवं होतं. तिने पाणी दिलं. मुलगी आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. मी म्हटलं, मला पूर्ण पेन्शन आलंय, त्यातून तुझ्या वसुलीचं काहीतरी करू. ती म्हणाली, "ते तुमच्या मुलाच्या हातात असतं ना? मग कसं करणार?" हे तिला मीच कधीतरी सांगितलं असणार. काय काय सांगितलंय मी लोकांना!

मग मी म्हटलं, कामावर तरी ये. आता लपवायचं काय उरलंय? तिने माझ्यापुढचा पेला उचलला आणि म्हणाली, "यावंच लागेल. वसुली कशातून देऊ?"

घरी येऊन मुलाला म्हटलं, माझं पेन्शनचं कार्ड दे. तो म्हणाला, कशाला? मी म्हटलं, माझं आहे म्हणून. त्याने गुडघ्यांची गोष्ट काढली. मी हात पुढे केला तो मागे घेतला नाही. सूनबाईने भांडी आपटली. आपट म्हटलं, फुटली तर नवी घे. तिनेच शेवटी कार्ड आणून माझ्या हातावर ठेवलं, तेही माझ्याकडे न बघता.

२ मे, गुरुवार

आम्ही पुन्हा जोडीला आहोत. आता दोघी कागदावर, दोघींचा पगार आपापल्या नावावर. माझा मर्यादेत, पण पेन्शनला जोडून कर कापलाच. तिचाही कर कापला, वर वसुली कापली. तिच्या हातात उरलं ते अगदीच थोडं. मी माझ्या पेन्शनमधले पैसे पुढे केले. तिने घेतले, मोजले नाहीत, खिशात घातले आणि चादरीचं टोक उचललं.

काम छान होतं. चादर ताणायची, झटकायची, जवळ यायचं. ती माझ्यासाठी वाकते, अजूनही. टोकाला टोक लागतं, तिचं तोंड माझ्या तोंडासमोर येतं, आणि ती काही बोलत नाही. तिच्या मुलीच्या फीचं काय झालं ते मला विचारायचं असतं. मुलगा माझ्याशी बोलत नाही ते सांगायचं असतं. आज तर अभ्र्यात कुणाची तरी कवळी निघाली, खालच्या जबड्याची, हसरी. एरवी आम्ही दोघी त्यावर आठवडाभर हसलो असतो. मी ती उचलून बाजूला ठेवली.

मीही बोलत नाही. सकाळी गेल्यापासून सुटेपर्यंत एक शब्द नाही. गप्प राहायला शिकले शेवटी. आता काय चाटायचंय ते शिकून?